कूलरचा पंप, ८०५१ आणि काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. बर्डीच्या बाजारातून चिप, ब्रेडबोर्ड आणून कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) किमतीपाशी अडणारे आपल्या नागपुरात पुष्कळ आहेत. त्यांनीही वाचावं.

माझं काम छोटं होतं. मे महिन्यात कूलरचा पंप सारखा चालू ठेवला की टाकी दुपारीच कोरडी पडते. तापमान बघून पंप सुरू करायचा आणि ताट्या भिजल्या की थांबवायचा, एवढंच. एटी८९एस५२ चा (८०५१ घराण्यातल्या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपचा) बोर्ड घरी होता, प्रोग्रामही लिहून झाला होता. पण कंपायलरची चाचणी आवृत्ती २ किलोबाइटच्या पुढे जाऊ देईना. चिपमध्ये जागा ८ किलोबाइट! आणि पूर्ण परवान्याची किंमत घरच्या एका कूलरसाठी मोजण्यासारखी मुळीच नव्हती. कोणीतरी क्रॅक केलेली प्रत देऊ केली, ती मला नको होती.

"कोणता विकत घेऊ?" म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "पैसे ठेव बाजूला. चिप कोणती, प्रोग्राम केवढा, अन् वस्तू विकायची का घरीच वापरायची, हे सांग पहिले."

मग एसडीसीसी या कंपायलरचं नाव सांगितलंत. तो मुक्त आहे, फुकट आहे, कोडच्या आकाराची अट नाही. नाव सांगून तुम्ही मला वाटेला लावू शकला असतात. पण तुम्ही माझी फाइल उघडून ओळीओळीने बसलात. जुन्या कंपायलरमधली 'एसबिट'ची, म्हणजे चिपच्या एका पिनेला नाव देणारी, ओळ इथे चालत नाही. आधी दोन अंडरस्कोअर लावायचे आणि बिटचा पत्ता द्यायचा, पोर्ट १ च्या शून्याव्या पिनसाठी हेक्समध्ये ९०. इंटरप्टचंही (चालू काम थांबवून मध्येच करायच्या कामाचंही) तसंच: दोन अंडरस्कोअर आणि कंसात क्रमांक. पहिल्या दोन ओळी तुम्ही बदलल्यात आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात. शिकवणं याला म्हणतात, काका.

त्याहून मोठी गोष्ट फ्लोटची, म्हणजे दशांश संख्यांची. डीएस१८बी२० सेन्सर तापमान अंशाच्या सोळाव्या भागात देतो. मी ते दशांशात करून प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनने दाखवत होते, आणि त्यासाठी लागणारी लायब्ररीच निम्मी जागा खात होती. चार बिट उजवीकडे सरकवले की पूर्ण अंश मिळतात, पंपाला तेवढे पुरतात. ते केल्यावर प्रोग्राम इतका आटला की जुन्या मर्यादेतही बसला असता. तरी एसडीसीसीच ठेव म्हणालात, कारण उद्या दुसरा सेन्सर जोडला की पुन्हा तीच भिंत समोर येणार. पटलं. या चिपची रॅम अवघी २५६ बाइट आहे, तिच्याकडेही लक्ष ठेवायला तुम्हीच लावलंत.

पुढच्या बोर्डासाठी तुम्ही दिलेला सल्लाही इथे नोंदवते. एव्हीआर घराण्यातली चिप घेतली, म्हणजे एटीमेगा३२८पी वगैरे, तर एव्हीआर-जीसीसी हा कंपायलर डोळे झाकून घ्यावा. मायक्रोचिप कंपनीची 'पिक' (PIC) चिप घेतली तर एसडीसीसीच्या नादी लागू नये, तिथे तो अर्धवट आहे. मायक्रोचिपचाच एक्ससी८ कंपायलर फुकट मिळतो, त्यातली वरच्या दर्जाची ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करण्याची सोय) तेवढी पैसे भरणाऱ्यांना. हौशी माणसाचं त्यावाचून अडत नाही. मला वाटतं, चिप विकत घेण्याआधीच तिचा कंपायलर बघावा, हे कॉलेजात पहिल्याच तासाला सांगायला हवं.

पंप आता स्वतःच सुरू होतो, स्वतःच थांबतो आणि टाकी संध्याकाळपर्यंत पुरते. काका, मनापासून आभार. काकूंनाही नमस्कार सांगा. तुमचं जेवण खोळंबलं तरी त्यांनी मला एकदाही घाई केली नाही.

रविवारी येतेच आहे. वीज जाऊन आली की बोर्ड कधीकधी अडकून बसतो, त्यासाठी वॉचडॉग (अडकलेली चिप आपोआप पुन्हा सुरू करणारा टायमर) कसा लावायचा ते शिकायचं आहे.

आपली,
धरमपेठेतली विद्यार्थिनी