पॅकेज नको, दोन-तीन तपासण्या पुरेत

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबांचा आवाज चढला, मग माझाही चढला आणि मूळ मुद्दा राहूनच गेला. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, लॅबच्या त्या मोठ्या रक्ततपासणी पॅकेजबद्दल तुम्ही म्हणालात, "एवढ्या तपासण्या केल्या की काहीतरी सापडेलच." सापडेलच! तीच तर अडचण आहे. रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा साधारण 95 टक्के निरोगी माणसं तिच्यात बसतील अशा बेताने आखलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसाचेही काही आकडे तिच्याबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर एखादा तरी आकडा बाहेर पडण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास जाते. मग त्या एका आकड्यामागे आणखी तपासण्या, आणि आईची झोप उडणार ती वेगळीच. त्यापेक्षा तुम्हा दोघांना नेमकं काय होतंय, तिथून सुरुवात करू.

आधी बाबा. तळपायाला मुंग्या येतात हे तुम्ही आईला सांगितलंत, मला नाही. असो. मधुमेहाची मेटफॉर्मिन तुम्ही दहा-अकरा वर्षं घेताय आणि सकाळची ॲसिडिटीची गोळीही कित्येक वर्षांची. अन्नातलं बी-12 जीवनसत्त्व प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटायला पोटातलं आम्ल लागतं आणि ते आम्लच ती गोळी कमी करते. पुढे आतड्यात ते शोषलं जाताना मेटफॉर्मिन आड येतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे हे सगळं उशिरा आणि गुपचूप उघडं पडतं. पण मुंग्या मधुमेहानेही येतात, अगदी अशाच. म्हणून "वयामुळे असेल" किंवा "शुगरमुळे असेल" असं घरी बसून ठरवू नका.

तुमच्यासाठी डॉक्टरांना विचारायच्या तपासण्या तीनच: बी-12, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन त्यातच येतं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवतं). हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून बी-12 चांगलं असेलच असं नाही. रक्तात काही दिसायच्या आधीही नसांना त्रास सुरू होऊ शकतो. बी-12 दर मिलिलिटरला 200 पिकोग्रॅमच्या खाली आलं तर बहुधा वाद उरत नाही. 200 ते 300च्या मध्ये लटकलं तर मात्र त्या एका आकड्यावर विसंबायचं नाही. तेव्हा मिथाइलमॅलोनिक ॲसिड, म्हणजे एमएमए, तपासतात. पेशींना बी-12 कमी पडलं की ते वाढतं. ते मूत्रपिंड मंदावल्यावरही वाढतं, म्हणून वर क्रिएटिनिन लिहिलंय. होमोसिस्टीनही सुचवतील कदाचित, पण ते फोलेट (आणखी एक ब जीवनसत्त्व) कमी असलं तरी वाढतं, त्यामुळे नक्की काय कमी आहे ते त्यावरून कळत नाही. एमएमए पहिल्याच फेरीत करू नका. गरज पडली तरच.

आणि तुमच्या मित्राने सांगितलेली ती बी-12ची इंजेक्शनं! रक्त देण्याआधी एकही नको. एकदा ते अंगात गेलं की बी-12चा आकडा वर जातो आणि आधी किती होतं ते कळायची सोय राहत नाही. रक्त दिल्यावर डॉक्टर म्हणाले तर त्याच दिवशी सुरू करा. मुंग्या वाढल्या किंवा चालताना तोल जायला लागला, तर रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

आता आई, तुझं. इथे मला एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी तुझं ड जीवनसत्त्व 'नॉर्मल' आलं होतं ना? ती तपासणी मी निवडली होती, आणि चुकीची निवडली होती. यादीत दोन नावं होती, 25-हायड्रॉक्सी आणि 1,25-डायहायड्रॉक्सी. दुसरं महाग होतं आणि नावही भारदस्त, म्हणून मला वाटलं तेच चांगलं. प्रत्यक्षात कमतरता बघायला पहिलंच लागतं. ते यकृतात तयार होतं, रक्तात निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे घेतं आणि शरीरातला साठा दाखवतं. दुसरं मूत्रपिंडात तयार होतं आणि काही तासांत निम्मं होतं. साठा घटला की पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं आणि मूत्रपिंडाला हे दुसरं जास्त बनवायला लावतं. त्यामुळे ड कमी असतानाही हा आकडा नॉर्मल, कधी कधी जास्तसुद्धा येतो. म्हणजे तुझी कंबर दुखत होती ती दुखतच राहिली आणि मी मात्र निर्धास्त झाले. माफ कर गं.

तक्रार नसलेल्या माणसांचं ड सरसकट तपासत बसू नये, असं एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने 2024च्या शिफारशींमध्ये म्हटलंय आणि ते मला पटतं. पण तुझ्यासारख्या, साध्या पडण्याने मनगट मोडलेल्या बाईला ते लागू नाही. तू 25-हायड्रॉक्सी आणि सोबत कॅल्शियम करून घे. ते केसांसाठीचं बायोटिन मात्र आधी थांबव. मोठ्या डोसचं बायोटिन लॅबच्या काही यंत्रांना फसवतं, ड आणि बी-12 खोटंच जास्त दाखवतं. साधारण दोन-तीन दिवस आधी बंद करतात, तरी तुझ्या गोळीचा डोस सांगून लॅबला विचार.

उपाशीपोटी जायचं का, हेही त्यांनाच विचारा. या तपासण्यांना सहसा गरज नसते. बाबा, "उपाशी असलेलं बरं" म्हणून मधुमेहाच्या गोळ्या घेऊन दुपारपर्यंत रांगेत उभे राहू नका.

अ, ई, क यांचं कुणी विचारलं तर नको म्हणा. तुम्हाला त्यांच्या कमतरतेची शंका यावी असं काही दिसत नाही.

रिपोर्ट आले की सगळी पानं पाठवा, नुसते आकडे फोनवर वाचून दाखवू नका. मागे मावशीने "ड 45 आलं" म्हणून सांगितलं आणि मी "छान" म्हणून मोकळी झाले. ते नॅनोमोलमध्ये होतं, म्हणजे नॅनोग्रॅममध्ये फक्त 18. वीसच्याही खाली, म्हणजे कमीच! तेव्हा बाबा, तुमच्या लाल पेनने खुशाल गोल करा, पण एककाचा रकाना त्यात झाकू नका.

तुमची,
छकुली