पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरसाठी कॉव्हेंट्रीच्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या गाडीच्या पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचे काम करून दिल्याबद्दल आपण पैसे घेतले नाहीत आणि आभारही पुरते ऐकून घेतले नाहीत, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

माझी एमजीबी रोडस्टर, ही उघड्या टपाची ब्रिटिश गाडी, १९६७ सालची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली तो १९८० साली बंद पडला, तेव्हा तिच्याविषयी विचारायचे तर जाणत्या माणसांनाच विचारावे लागते. वळणावर तिचे पुढचे चाक डगमगू लागले, खड्डा ओलांडल्यावर नाक बराच वेळ हिंदकळत राहू लागले. मी अनेकांकडे गेलो आणि गाडीखाली न वाकताच सर्वांनी एकच उत्तर दिले, की जुने लिव्हर आर्म, म्हणजे दांड्याचे शॉक ॲब्सॉर्बर, आता कालबाह्य झाले, टेलिस्कोपिक, म्हणजे नळीसारख्या शॉक ॲब्सॉर्बरचे, किट बसवून टाका. एका दुकानात तर माझा प्रश्न संपण्याआधीच किंमत सांगण्यात आली. त्या वागण्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आपण मात्र गाडी जॅकवर घेतलीत, चाक वरून-खालून धरून हलवलेत, आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या आर्मच्या टोकाची बुश, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, आधी तपासलीत, कारण दोष त्या स्वस्त बुशचा असेल तर मला मोठ्या खर्चात पाडायचे नाही, असे आपले म्हणणे होते. बुश ठीक निघाली. प्ले, म्हणजे ढिलेपणा, शॉक ॲब्सॉर्बरच्या शाफ्टमध्येच, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो त्या दांड्यातच, होता. मग आपण समजावून सांगितलेत की या गाडीत पुढचा आर्मस्ट्राँग कंपनीचा शॉक ॲब्सॉर्बर केवळ स्प्रिंगचे हेलकावे आवरत नाही, त्याचा आर्म हाच पुढच्या सस्पेन्शनचा वरचा दुवा असतो. म्हणून मला जे किट सुचवले जात होते ते बसवले, तरी जुना शॉक ॲब्सॉर्बर चाकाला वरून धरण्यासाठी जागेवरच राहिला असता आणि झिजलेल्या शाफ्टचा प्लेही तसाच राहिला असता. किट विकू पाहणाऱ्यांपैकी एकानेही मला हे सांगितले नव्हते.

परंतु माझ्या मनात घर करून राहिली आहे ती त्यानंतरची गोष्ट. माझा जुना शॉक ॲब्सॉर्बर आपण सोडवून व्हाइसमध्ये धरलात, शेजारी आपल्या फळीवरचा दुरुस्त केलेला ठेवलात, आणि माझा हात धरून आधी एका आर्मवर, मग दुसऱ्यावर ठेवलात. जुन्याचा आर्म सुरुवातीला अगदी पोकळ जात होता आणि मध्येच जड होत होता. दुरुस्त केलेल्याचा दोन्ही दिशांना, काकवीतून पळी फिरवावी तसा, एकसारख्या जोराने सरकत होता. त्या वेळी आपण एक शब्दही बोलला नाहीत. मला पटेपर्यंत थांबलात. ज्याला आपल्यापेक्षा कमी कळते त्याला गप्प बसवणे किती सोपे असते, हे मी दुकानोदुकानी अनुभवले होते. त्याच्या हाताला कळू द्यावे एवढा आदर फार थोडी माणसे दाखवतात.

पुढचे दोन्ही दुरुस्त केलेलेच बसवले. मागचे चांगले आहेत, त्यांत फक्त तेल भरा, हे सांगतानाही आपण प्लगभोवतीची माती आधी पुसून घेतलीत, म्हणजे आत कचरा जाऊ नये. दाट तेल घालून मागची बाजू कडक करण्याचा मोह आपण टाळायला लावलात, तेही बरे झाले. इथल्या थंडीत ते तेल आणखी दाटले असते आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर गाडी आदळत चालली असती.

आता गाडी वळणावर रेघ धरून जाते. पुढच्या रविवारी ती घेऊन येतो. किल्ली आपल्याकडे देईन. आपण स्वतः चालवून पाहावी, आणि पुढचा डावा कोपरा उजव्यापेक्षा किंचित मऊ लागतो असे मला वाटते, ते खरे आहे का हे सांगावे.

आपला कृतज्ञ,
एमजीबीवाला पुतण्या