पायरसी चूकच, पण चोरी नव्हे

पायरसी म्हणजे निव्वळ चोरी, असे ठरवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेखातील कळकळ पटली, शब्द पटला नाही. चोरीत वस्तू मालकाच्या हातून जाते. फाइलची प्रत काढल्यावर मूळ फाइल जागेवरच राहते. हा शब्दच्छल नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात विनापरवाना ध्वनिमुद्रिकांना चोरीच्या मालाचा कायदा लागू होत नाही, असा निकाल दिला. आरोपी निर्दोष ठरला असे मात्र नाही. स्वामित्वहक्क (कॉपीराइट) भंगाचा गुन्हा स्वतंत्रपणे उभाच होता. शिवाय घराच्या मालकीला मुदत नसते, स्वामित्वहक्काला असते. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यात नव्या पुस्तकांसाठी ती आरंभी १४ वर्षे होती.

माझा आक्षेप एवढ्यासाठीच, की ‘चोरी’ म्हटले की प्रत काढणारा ‘मी कुणाचे काही उचलले नाही’ म्हणून सहज मोकळा होतो. खरा अन्याय वेगळाच आहे. लेखक, अनुवादक, संगीतकार वर्षानुवर्षे राबतात. आपले काम कोणाला, कोणत्या अटीवर द्यायचे हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार आपण परस्पर डावलतो आणि मोबदलाही देत नाही. त्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचे वाईट वाटले.

– एक वाचक