लंबूने परत पाठवलेली कार्डं

प्रिय मित्रा,

तब्येत ठीक. गुडघा मधूनच कुरकुरतो, बाकी घरचे सगळे मजेत. ते झालं. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आपल्या लंबूने माझी हाताने केलेली वाढदिवसाची सगळी कार्डं परत पाठवली.

सगळी म्हणजे सगळी. बुटांच्या खोक्यात, वर्षांप्रमाणे लावलेली, प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड. वर चिठ्ठी : 'लहान घरात जातोय. यातलं एकही टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. तूच सांभाळ.' एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. फोनवर तासभर बोलला, तुझी चौकशी केली, सामान हलवताना पाठ धरली म्हणाला. खोक्याचा विषय त्याने काढला नाही आणि माझ्याच्याने काढवला नाही. घरी ही म्हणाली, "बरं झालं, तुझ्याकडे नीट राहतील." ताई तर थेट लंबूवरच उखडली. मला काय होतंय ते दोघींनाही सांगता आलं नाही. तुला सांगावं लागणार नाही, कारण त्यातली पहिली कार्डं आपण दोघांनी एकाच पाटावर वाकून केलेली आहेत.

काल रात्री सगळी पसरून बसलो. आपल्या सुरुवातीच्या कार्डांची काय दशा झाली आहे, सांगू? तू जिथे जिथे 'चल, टेप लाव, वेळ नाही' म्हणालास, तिथली टेप मधासारखी पिवळी झाली आहे. वरचं प्लास्टिक नखाने सहज उचकटतं, पण खालचा चिकट भाग कागदात मुरलाय, तो डाग आता जायचा नाही. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून लावली होती ती तपकिरी पडली. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की पिवळा पडणारच. स्केचपेनचे रंग जिथे उजेड पोचला तिथे उडाले. जे कार्ड त्याने कपाटावर उभं ठेवलं होतं त्याचा दर्शनी भाग फिका आणि आतली बाजू अजून कालच रंगवल्यासारखी. म्हणजे ते बरेच दिवस उभं होतं. हे मला त्या रंगावरून कळलं, लंबूने कधी सांगितलं नव्हतं.

आणि तुझं ते 'वाढदिवसाच्या शुभेच्या'! आठवतं? मी वर पट्टी चिकटवून शुभेच्छा लिहिलं होतं, तू दोन दिवस बोलला नव्हतास. पट्टीचा डिंक वाळून ती गळून पडली, आणि आता खाली तुझ्या टपोऱ्या अक्षरात शुभेच्या पुन्हा जिवंत. मी एकटाच मोठ्याने हसलो.

पण ती पायऱ्यांची कार्डं बघ. घडीवर दोन सारखे काप, मधली पट्टी आत दाबायची, मग तिच्यावर पुन्हा दोन काप. गोंद नाही, टेप नाही. उघडलं की पायऱ्या ताठ उभ्या राहतात, अजूनही. एकाच कार्डाची घडी फुटली आहे, आणि ती मी घाईत तंतूंची दिशा न बघता कापलं म्हणून नव्हे, तूच कागद उलटा धरून दिला होतास म्हणून! कागद हलकेच दोन्हीकडून वाकवून बघायचा, ज्या बाजूने मुकाट वाकतो तिकडेच घडी घालायची, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम भरणारा जाड कागद आडव्या तंतूंवर घडी सहन करत नाही. आधी संपलेल्या रिफिलने रेघ ओढली तरी कडेला पांढरे तंतू दिसतातच. असो. तो वाद मी जिंकलेला आहे, कार्ड साक्षीला आहे.

आता मूळ काळजी. 'टाकवत नाही' हा शब्द डोक्यातून जात नाही रे. छापील कार्ड आलं तर माणूस चार दिवस ठेवतो आणि रद्दीत घालतो, कुणाला काही वाटत नाही. आपण दिलेलं त्याला टाकता येत नाही. का? तर कुणीतरी बसून केलंय म्हणून. म्हणजे मी दरवर्षी लंबूच्या घरात एक अशी वस्तू पाठवत राहिलो, जी त्याला वापरताही येत नाही आणि टाकताही येत नाही. वरून त्याला वाटत असणार, हा एवढं करतो, मी काय करतो? गेल्या वर्षी कार्ड मिळाल्यावर तो म्हणालाच होता, "अरे, एवढा वेळ माझ्यावर नको घालवूस." मी ते कौतुक म्हणून घेतलं. आता वाटतं, तो खरंच सांगत होता का?

तू मला एकदा तोंडावर म्हणाला होतास, "तू कार्डं मित्रांसाठी करत नाहीस, स्वतःसाठी करतोस." त्यावरून आपण किती भांडलो! मी त्या रागात तुझी कात्री परत दिली नव्हती (अजून माझ्याकडेच आहे, धार उत्तम). त्या भांडणाला मी आज वेगळं उत्तर देईन. करताना मजा मलाच येते, हे खरं. पण लंबूसाठी करताना मी संध्याकाळभर लंबूचाच विचार करत असतो. त्याला काय आवडेल, तो कशावर हसेल, ते जिन्याचं चित्र त्याला कळेल का. एरवी एका माणसाचा एवढा सलग विचार आपण कधी करतो? १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोलला नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ पुरेना, म्हणून त्याने हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि कार्डं छापून टाकली. छापील नाताळ-कार्डाची सुरुवात तिथली धरतात. वेळ वाचवायला निघालेली गोष्ट ती! त्यात वाईट काही नाही, माणूस कामात होता. पण आपण तीच गोष्ट वेळ घालवायला करतो, आणि मला तो वेळ घालवायचाच आहे.

तरीही लंबूचं म्हणणं खोडता येत नाही. माझी संध्याकाळ संपली की त्याच्या घरात खोका सुरू होतो.

वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे त्याचा. टेबलावर अर्धं कापलेलं कार्ड पडलंय, नव्या घराचं, तीन खिडक्या उघडणाऱ्या. पाठवावं का, हा प्रश्न घेऊन मी चार दिवस येरझारा घातल्या. न पाठवलं तर त्याला वाटेल, खोक्याचा राग आला. पाठवलं तर नव्या घरात पहिलं ओझं माझंच. मागे 'हे टाकलंस तरी चालेल' असं लिहिण्याचाही विचार केला, पण ते वाचून तर तो मुळीच टाकणार नाही, लंबूला आपण ओळखतो.

शेवटी ठरवलं, पाठवायचं, पण वेगळं. ए-सहा मापाचं, १०५ गुणिले १४८ मिलिमीटर, म्हणजे हातात मावेल एवढं. साधा १२० जीएसएमचा कागद, एकच घडी, तीन काप. चिकटवलेलं काही नाही, मणी नाहीत, लेस नाही. आतली सगळी जागा लिहायला. कसरत करायची ती अक्षरात करीन. पुस्तकात खूण म्हणून घातलं, खिशात चुरगळलं, नातवाने फाडलं, तरी ते वापरलं गेलं म्हणायचं. ओरिगामीचा जपानी उस्ताद योशिझावा जाड कागद किंचित ओला करून घड्या घालायचा, वाळला की गोंदाशिवाय आकार तसाच राहायचा. ते जमलं तर एखादा छोटा पक्षी करून बघेन, पण लंबूसाठी नाही, ताईसाठी. तिच्याकडे जागा आहे आणि ती हक्काने मागते.

तुझं काय चाललंय? बदलीचं झालं का नक्की? धाकटीचा निकाल लागला असेल, तिला शाबासकी सांग. वहिनींना नमस्कार. घराच्या गळतीचं लिहिलं होतंस, ती थांबली का? सविस्तर लिही म्हणणार नाही, कारण तू लिहित नाहीस, पण दोन ओळी तरी टाक.

आणि एक गोष्ट मात्र मला खरीखरी सांग. माझी तुझ्याकडे किती आहेत, कुठे आहेत आणि कोणकोणती टाकलीस? मला राग येणार नाही. तू टाकलेली असशील तर उलट जरा हलकं वाटेल. ठेवली असतील तर का ठेवलीस, तेही लिही, मला ते खरंच जाणून घ्यायचंय.

सोबत बंगल्याचं कार्ड पाठवतोय, खोक्यातलं. भिंती माझ्या, छप्पर तुझं. मी सांगत होतो की घडीपासून भिंतीचं अंतर आणि छपराची उंची, दोन्ही मिळून कार्डाच्या घडीपासून कडेपर्यंतच्या मापापेक्षा कमी हवं, नाहीतर कार्ड मिटल्यावर शेंडा बाहेर डोकावतो. ५० आणि ६० मिळून ११० मिलिमीटर होतात, कार्ड १०५चं. तू म्हणालास 'बसतंय की', आणि मग शेंडा कात्रीने छाटलास. तो छाटलेला शेंडा लंबूने जपून आतच ठेवलाय. ही दोघांची मालमत्ता आहे, त्यामुळे काय करायचं ते तू ठरव. फक्त टेप ओढू नकोस, कागदाचा वरचा पापुद्रा सुटून येईल.

तुझाच,
मी