कुल्लूच्या दसऱ्यातल्या बजंत्र्यांसाठी मंत्रीमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितेय, कारण हिंदीतल्या अर्जांचं आपल्या खात्यात काय होतं ते पाहून झालंय. हे आपण वाचणार नाहीच. दर मे महिन्यात मनालीला येणारी माझी माणसं तरी वाचतील.

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन कुल्लूला आले. सासरे बजंत्री, म्हणजे देवाचे वाजंत्री आहेत, गावच्या देवाच्या पालखीपुढे करनाळ, म्हणजे लांब तुतारी, फुंकतात. गेल्या दसऱ्याला, जिथे हा उत्सव भरतो त्या धालपूर मैदानातल्या व्यासपीठावरून आपण सांगितलंत की पुढच्या वर्षी एकही बजंत्री उघड्यावर निजणार नाही आणि मानधनही वाढेल. टाळ्या पडल्या, आमच्या म्हाताऱ्यानेही वाजवल्या.

यंदा पाऊस आला तेव्हा त्यांचं अंथरूण एका फाटक्या ताडपत्रीखाली होतं. ढोलाचं कातडं ओलाव्याने सैल पडलेलं, पोरं ते शेकोटीवर धरून तापवत होती. बायका देवाच्या मोहऱ्यांवर, म्हणजे धातूच्या मुखवट्यांवर, प्लास्टिक धरून उभ्या. सकाळी आमचा देव दसऱ्याचे मुख्य दैवत रघुनाथजी यांच्या भेटीला निघायचा म्हणजे वाजायला हवंच. सासऱ्यांनी भिजल्या अंगाने करनाळ उचलली. रात्री ताप भरला, त्याचा न्यूमोनिया झाला. अजून ते खाटेवर आहेत. माझी बिनपगारी रजा, औषधं, गाडीभाडं, आणि घरात रोज तोच प्रश्न, ‘मानधन आलं का?’ काय सांगू? वाढीव सोडा, जुनंसुद्धा आलेलं नाही.

हिशेब करून बघा. निमंत्रण तीनशेच्या वर देवांना जातं, अडीचशेच्या आसपास येतात. एका देवामागे कारदार (देवाचा कारभारी), गूर (ज्याच्या तोंडून देव बोलतो तो), पालखीचे खांदेकरी, वाजवणारे धरून पन्नास माणसं म्हटली तरी बारा हजारांवर डोकी होतात. कमी-जास्त असेल, मोजायचं काम माझं नाही, आपलं आहे. आनी-निरमंडकडचे लोक जलोरी खिंड ओलांडून, देव खांद्यावर घेऊन दिवसचे दिवस चालत येतात. पर्यटकांसाठी चौपदरी रस्ता आणि ज्यांना बघायला पर्यटक येतात त्यांना चिखल!

शृंगा ऋषी आणि बालू नाग या दोन देवांच्या लोकांत रघुनाथजींच्या रथाच्या उजव्या बाजूच्या मानावरून वाद आहे. त्यासाठी बंदोबस्ताला पोलीस मिळतात, देवांना अडवून ठेवता येतं. ताडपत्री तेवढी मिळत नाही.

2015 मध्ये जवळपास दहा हजार बायकांना एकदम नाटी हा इथला लोकनाच नाचवून गिनीज बुकात नाव घातलं. लोकरी पट्टू नेसून, डोक्याला धाटू हा रुमाल बांधून मीही त्यात होते. विक्रम झाला, फोटो निघाले, आम्ही घरी आलो आणि भांडी घासली. तेव्हापासून दसऱ्याच्या नावापुढे लावलेला ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ऐकला की माझं डोकं दुखतं. दसऱ्याच्या रात्रीच्या कार्यक्रमांना कलाकेंद्रात बाहेरचा गायक आला की त्याला हॉटेल, गाडी, हार. त्याचं बिल कधी थकल्याचं ऐकलंत?

सगळा दोष सरकारचा नाही, हेही लिहिते. ज्यांच्या वाजवण्याशिवाय देव जागचा हलत नाही, त्यांच्यातल्या अनेकांना जातीमुळे देवाच्या तंबूत पाऊल टाकता येत नाही. म्हणून तर ते पावसात बाहेर होते. आपली परंपरा, आपली परंपरा म्हणून आपण भाषणात जे गोंजारता, त्यात हेही येतं. त्यावर बोलायची हिंमत आपल्यात नाही, कारदारांची मतं जातील. आणि कारदारांत नाही, कारण त्यांना तसंच हवंय.

सतराव्या शतकात राजा जगतसिंहाने अयोध्येहून आणलेल्या रघुनाथजींच्या पायी राज्य वाहिलं आणि स्वतः छडीबरदार, म्हणजे देवाची छडी धरणारा सेवक, झाला. आताचे राज्यकर्ते लोक रथ ओढत असताना सोफ्यावर बसतात, दोरीला हात लावून फोटो काढतात आणि निघून जातात. कुठल्याही पक्षाचे असोत. दिल्लीतही तेच, मुंबईतही तेच. आमच्या सांगलीत गणपतीच्या मांडवात पुढाऱ्यांची रांग लागते, पूर आला की कोणी फिरकत नाही.

मला नवा विक्रम नको. धालपूरच्या कडेला पक्की शेड हवी, संडास हवेत, बायकांसाठी वेगळे. मानधन दसरा संपायच्या आत बजंत्र्याच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावं, कारदाराच्या हातात नको. सासऱ्यांच्या औषधांची बिलं सोबत जोडली आहेत. ती कोणत्या टेबलावर जातात तेवढं तरी कळवा.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपली,
एका बजंत्र्याची सून, कुल्लू