आबा, तुम्ही आईला तिचाच अर्ज वाचून दाखवलात

आदरणीय आबा,

बाहेरच्या माणसाला गणपतराव देशमुख म्हटलं की आकडा आठवतो, ११ वेळा आमदार, सगळं सांगोल्यातनंच, पहिल्यांदा १९६२ ला आणि शेवटी २०१४ ला. मध्ये १९७२ आणि १९९५ ला पडलात पण पक्ष काही सोडला नाही, जन्मभर शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा लाल बावटा. दोनदा मंत्री झालात तरी आमदार एसटीनं फिरतो हे आम्हाला कधी नवल वाटलंच नाही, आता बाकीच्यांच्या गाड्यांचे ताफे बघितल्यावर वाटतं.

पण आमच्या घरात तुमचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणानं.

वडील गेल्यावर आई निराधारच्या पगारासाठी वणवण फिरली. एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर तर दुपारपर्यंत उन्हात उभी केली, पीएनं अर्ज न बघताच गठ्ठ्यात टाकला आणि बघू म्हणाला. मतं मागायला हेच लोक चप्पल काढून घरात आले होते, ते मी अजून विसरलो नाही.

मग कुणीतरी म्हणालं आबांकडं जा, चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही. तुम्ही आधी आईला खुर्चीवर बसवलंत. आईला अक्षर ओळख नाही, अर्ज दुसऱ्यानं लिहिलेला आणि तिनं फक्त अंगठा दिलेला, हे तुमच्या बरोबर ध्यानात आलं आणि मग तुम्ही तो अख्खा अर्ज तिला मोठ्यानं वाचून दाखवलात, सावकाश, एकेक ओळ, आणि हे बरोबर आहे का असं तिला विचारत गेलात. त्यात लेकरं दोन लिहिली होती. आई म्हणाली तीन हायती. तुम्ही तिथंच दुरुस्त करून घेतलंत. ते तिसरं म्हणजे मी.

पुढं काम झालं, पगार सुरू झाला, त्याचे उपकार आहेतच. पण आई अजून सांगते ती वाचून दाखवल्याची गोष्ट. तोवर तिच्या कागदात काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तिला विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. टेंभू म्हैसाळ या सिंचन योजनांच्या पाण्यासाठी तुम्ही किती वर्षं भांडलात, सूतगिरणी उभी केलीत, ते सगळं मोठंच आहे, पण माणसाची पारख मला तरी अशाच ठिकाणी होते जिथं ना फोटो असतो ना भाषण. साधं नीट वागणं, समोरच्याला माणूस समजणं, एवढंसुद्धा किती जणांना जमत नाही.

३० जुलै २०२१ ला तुम्ही गेलात तेव्हा कोरोनाच्या भीतीनं आम्ही आईला घराबाहेर पडू दिलं नाही, तुमचं शेवटचं दर्शन तिला झालं नाही आणि ती त्यावरनं अजून आमच्यावर चिडते. म्हणून तिच्या वतीनं हे लिहितोय आबा, पोस्ट करायच्या आधी तिला पूर्ण वाचून दाखवलंय, तिनं दोन ठिकाणी बदल सांगितला तोही केलाय.

तुमचाच,
सांगोला तालुक्यातला एक मुलगा