बाबा, त्या रात्री कोणी बाहेरचं आलं असतं तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबांनी फोन आईकडे दिला आणि आई म्हणाली ते बाहेर गेले, पण मला मागे त्यांचा खोकला ऐकू येत होता. व्हॉट्सॲपवर मोठं काही पाठवलं की बाबा वाचत नाहीत, कागदावरचं मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात, म्हणून हे टाईप करून प्रिंट काढून पोस्टाने पाठवतेय. आई, तू पण वाच, आणि त्यांनी बाजूला ठेवलं तर मोठ्याने वाचून दाखव.

मी एवढंच सांगितलं होतं की इथल्या पोलीस स्टेशनच्या महिला दक्षता समितीत मी नाव दिलंय, आणि पुढे बोलायच्या आत बाबा तुम्ही म्हणालात, बाहेरच्या चार बायका येऊन पोलिसांना काय शिकवणार, रात्री दोन वाजता दारुडा अंगावर ओकतो तेव्हा असतात का त्या. नसतात, खरं आहे. पण मी वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत वाढलेय ना, गणपतीच्या बंदोबस्तावरून आल्यावर तुमचे बूट मीच ओढून काढायचे, मोज्याच्या रबराचे वळ पायावर तासभर तसेच राहायचे ते मी बघितलेत. आठ तासांची ड्युटी २०१६ ला देवनारला सुरू झाली, तीही खालच्या रँकमधल्याच एका पोलिसाच्या डोक्यातून निघालेली, पण तोवर तुम्ही बारा-बारा तास उभे राहून रिटायर पण झाला होतात. हे सगळं माहीत असूनच मी नाव दिलंय.

समितीत आम्ही काय करतो ते पण सांगते. जास्त करून नवरा-बायकोची भांडणं, सासू-सुना, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे चक्कर. पगार नाही, मानधन नाही, शनिवारी सुट्टी असते तेव्हा जाते. मागच्या महिन्यात एक बाई तोंड सुजवून आली होती, तिची नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवत होते, मी फक्त शेजारी बसून राहिले, तीन तास, काही बोलले पण नाही, आणि शेवटी गुन्हा दाखल झाला. लिहून घेणाऱ्या मॅडम सकाळपासून जेवल्या नव्हत्या हे पण मी बघितलं. माझा डबा आम्ही दोघींनी खाल्ला.

पण पोलिसांवर नजर ठेवायचं काम आमच्याकडे नाही, लॉकअपच्या दारापर्यंत जायचा पण अधिकार नाही. आणि बाबा, मला खरं बोलायचंय ते त्याच दाराबद्दल.

रूपाताई आठवते ना, आत्याची, लंडनला असते ती. ती तिकडे कस्टडी व्हिजिटर आहे. बँकेतली नोकरी सांभाळून स्वयंसेवक म्हणून करते, खर्च मिळतो, पगार नाही. पोलीस कोठडी बघायला दोघा-दोघांनी जायचं, न कळवता, दिवसा रात्री कधीही, ओळखपत्र दाखवलं की पोलिसांनी लगेच आत घ्यायचं, तसाच काही धोका असेल तरच थांबवायचं. आतल्या माणसाची तयारी असेल तर त्याच्याशी बोलायचं, पोलिसाला दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर. गुन्ह्याबद्दल एक शब्द विचारायचा नाही. जेवलास का, ब्लँकेट आहे का, घरी कळवलं का, वकील सांगितला का, कुठे लागलंय का, डॉक्टर आला का, एवढंच, आणि मग रिपोर्ट लिहून द्यायचा. १९८१ ला ब्रिक्स्टनमध्ये दंगल झाली, लॉर्ड स्कारमन नावाच्या जजने चौकशी केली, त्यांच्या रिपोर्टमधून हे निघालं आणि २००२ ला कायद्यातच आलं. ताई म्हणते सुरुवातीला पोलीस तोंड वाकडं करायचे, आता एखादा ड्युटीवरचा स्वतःहून सांगतो की तीन नंबरच्या खोलीतलं हीटिंग बंद आहे, तेवढं लिहा, आम्ही सांगून कोणी ऐकत नाही.

ताई हे सांगत होती आणि मला तुम्ही सांगितलेली ती रात्र आठवत होती.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत लाईट गेलेली तेव्हा पडवीत बसून तुम्ही बोललात. नाईटला लॉकअपवर तुम्ही होतात. दुकानातला गल्ला गेला म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या पोराला आणलं होतं. साहेब म्हणाले, हवालदार, जरा चहा पिऊन या. आणि तुम्ही गेलात, दीड तास त्या टपरीवर बसलात, तीन कटिंग प्यायलात, परत आलात तर पोरगं कोपऱ्यात बसलेलं, रडत पण नव्हतं. सकाळी कळलं की पैसे मालकाच्या पुतण्याने घेतले होते. पोराला सोडलं, तुम्ही त्याच्या हातात बससाठी वीस रुपये ठेवायला गेलात आणि त्याने घेतले नाहीत. आई शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. तेव्हा कोणीच काही बोललं नाही.

बाबा, मी तुम्हाला दोष देत नाहीये, हे नीट वाचा. घरात आई, मी, बाळ्या, साहेबाला नाही म्हणून तुम्ही कुठे जाणार होतात. पण त्या दीड तासात दोन साधी माणसं, एखादी शाळेतली बाई आणि एखादा रिटायर्ड क्लार्क, दारात येऊन उभी राहिली असती आणि त्यांना आत सोडणं भाग असतं, तर साहेबांनी पट्टा खाली ठेवला असता आणि तुम्हाला टपरीवर बसायला लागलं नसतं. तुम्ही म्हणता बाहेरच्याला आतलं कळत नाही. पाणी दिलंय का आणि पाठीवर वळ आहेत का हे बघायला आतलं कळावं लागत नाही ना बाबा.

घडून गेल्यावर तक्रार करायला आपल्याकडे जागा आहे. सुप्रीम कोर्टाने २००६ ला पोलीस तक्रार प्राधिकरणं करा म्हणून सांगितलं, आणि ती केस लढणारे प्रकाश सिंग स्वतः पोलीसच, बीएसएफचे प्रमुख होते. महाराष्ट्राने २०१४ ला पोलिसांचा कायदा बदलून प्राधिकरण आणलं, राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त जज, आणि पोलीस किंवा सरकारी नोकरीतला नसलेला एक मान्यवर पण सदस्य. २०२० ला कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनला कॅमेरे लावायला सांगितले, लॉकअपमध्ये सुद्धा. हे सगळं हवंच. पण वीस रुपये न घेणारं ते पोरगं प्राधिकरणाकडे अर्ज घेऊन गेलं असतं का? आणि कॅमेरा पाणी पाहिजे का म्हणून विचारत नाही.

९२-९३ च्या दंगलीनंतर साहनी साहेब मुंबईचे कमिशनर असताना पोलीस आणि वस्तीतले लोक एकत्र बसायचे त्या मोहल्ला कमिट्या झाल्या, आधीचे कमिशनर रिबेरो साहेब त्यात होते, तुम्हीच सांगायचात की आधी लोक आम्हाला बघून दारं लावायचे आणि त्या मीटिंगांनंतर चहा विचारायला लागले. तेव्हा पण ती माणसं बाहेरचीच होती.

पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, सीनिअर साहेब येणार आहेत. मी लेखी मागणार आहे की समितीतल्या दोघींना महिन्यातून एकदा न कळवता रात्री येऊन लॉकअप बघू द्या. ते हो म्हणतील असं वाटत नाही, त्यांच्या हातात पण नसेल, पण कागद वर तरी जाईल. त्या कागदात काय बघायचं ते लिहायचंय आणि ते मला कोणी नीट सांगू शकत नाही. स्टेशन डायरीत कुठली वेळ बघायची, कुठल्या खोलीचं दार बंद असेल तर विचारायचं, रात्री किती ते किती जायचं. तुम्ही तेहतीस वर्षं आत होतात. मागच्या कोऱ्या बाजूला लिहा आणि परत पाठवा, अक्षर कसंही येऊ दे.

आई, बीपीची गोळी सकाळचीच घे, रात्रीची नाही, डॉक्टरांनी बदललीय. आगळ संपलं, कोणी येत असेल तर दोन बाटल्या दे.

तुमची,
सुमी